बारा वल्ह्यांनंतरचं उत्तर

एका माणसाची उत्तरं मी एकेक घर खाली सरकवून लिहिली. पहिल्या सवालाचं उत्तर दुसऱ्याखाली, दुसऱ्याचं तिसऱ्याखाली, असं थेट शेवटपर्यंत. मग ती त्यालाच वाचून दाखवली, खाली त्याचा अंगठा घेतला, टीपकागद दाबला आणि शाबासकीची वाट पाहत बसलो. शाबासकी मिळालीही.

मी तालुक्याच्या कचेरीत जबान्या लिहिणारा कारकून होतो. दिवाळी अंकासाठी नोकरीतलं काहीतरी लिहा असा निरोप आला, तेव्हा आमच्या मंडळींनी सुचवलं की बढत्यांचं लिहावं. ते अर्ध्या पानात आटोपलं असतं. चुकांचं लिहायचं तर अंक पुरायचा नाही. म्हणून एकच चूक निवडली आहे. तिच्यापुढे बाकीच्या अगदी सज्जन वाटतात.

ज्यांनी कचेरीची पायरी चढलेली नाही त्या भाग्यवंतांसाठी आधी थोडं कामाबद्दल सांगतो. मामलेदारसाहेब मध्ये बसत. त्यांच्या डाव्या हाताला माझं उतरतं मेज. समोर ज्याची जबानी घ्यायची तो उभा. साहेब किंवा वकील सवाल करणार, तो जवाब देणार, आणि दोन्ही कागदावर उतरवणार मी. बघणाऱ्याला वाटतं, कामाची चाल साहेबांच्या हाती किंवा वकिलाच्या जिभेवर असते. तसं नाही. ती असते कारकुनाच्या टाकाच्या टोकावर. कारकुनानं टाक उचलला की आधीचं लिहून झालं असं समजायचं आणि पुढचा सवाल टाकायचा, असा रिवाज. तो कुठल्या सर्क्युलरात लिहिलेला नाही; पण खानदेशातल्या सगळ्या कचेऱ्या त्यावर चालत.

माझ्याआधी त्या मेजावर बापूराव नावाचे वृद्ध कारकून होते. ते टाक दौतीत बुडवायचे, दौतीच्या काठाला दोनदा निथळायचे, लिहायचे, टीपकागद ठेवायचे, त्यावरून मूठ फिरवायचे, आणि मग चष्म्याच्या वरून त्या उभ्या माणसाकडे पाहायचे. नुसतं पाहायचे. मगच टाक उचलायचे. एकेक जबानी दुपारभर चाले. मी तेव्हा उमेदवार कारकून. मधल्या सुट्टीत मी बापूरावांची नक्कल करून दाखवी, आणि अख्खी कचेरी पोट धरून हसे. बापूराव स्वतःही हसत. अर्थात तेही जरा थांबूनच.

ते पेन्शनीत गेले, मी मेजावर आलो आणि जबान्या घोड्यावर बसल्या. माझा हात जन्मजात चपळ. सवाल संपायच्या आत मी तो लिहून मोकळा, आणि जवाब निम्मा आला की उरलेला मला आपोआप कळे. कचेरीत मला ‘तारमास्तर’ म्हणू लागले. मामलेदारसाहेब इतके खूश, की मोकळ्या झालेल्या शिरस्तेदाराच्या जागेसाठी त्यांनी माझी शिफारस लिहायला घेतली. त्यात ‘कामाचा उरक’ हे शब्द आहेत, हे मला पट्टेवाल्या गुलाबनं येऊन सांगितलं होतं.

अशा वेळी धुडकू नावाड्याचं प्रकरण आलं.

प्रकाशा गावाच्या खालच्या अंगाला तापी ओलांडायचा एक लहान उतार होता. तिथली नाव धुडकूची. त्याच्या बापाची होती, आज्याची होती. पन्नाशीचा, काळा, लांब हातांचा माणूस. यात्रेच्या दिवशी त्याच्या नावेत हुकमाच्या दुप्पट माणसं चढली आणि पल्याडच्या काठाजवळ नाव कलंडली. जीव कोणाचा गेला नाही. एका म्हातारीच्या नाकातोंडात पाणी गेलं, ती आठवडाभर अंथरुणावर होती. आणि वाजंत्र्यांचा एक ढोल वाहत सुरतेकडे गेला. पण अर्ज झाला. अर्ज करणाऱ्याला तो उतार आपल्या मेव्हण्याला हवा होता, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण अर्जात ते थोडंच लिहितात? चौकशी एवढीच होती: धुडकूचा नाव चालवायचा परवाना ठेवायचा, की काढून घ्यायचा. परवाना गेला असता तर धुडकूला दुसरं काही येत नव्हतं. शेत नाही, गुरं नाहीत. नदी तेवढी होती, आणि ती काही त्याच्या नावावर नव्हती.

गुरुवारी जबानी झाली. अर्जदाराचा वकील म्हणजे तोफखाना. त्यानं आधीच बजावलं, “हे बघ, हो की नाही, एका शब्दात सांगायचं. गोष्टी सांगायच्या नाहीत.” आणि सुरू झाला.

“यात्रेच्या दिवशी नाव तूच चालवत होतास?”

धुडकू गप्प. वकिलाकडे बघत उभा. मी सवाल लिहिला, क्षणभर थांबलो, खाली ‘घुटमळतो’ असं लिहिलं आणि टाक उचलला.

“दारू प्याला होतास?”

“हाव,” धुडकू म्हणाला.

कचेरीत कुजबुज झाली. मी ‘हो’ लिहिलं. टाक वर.

“नावेत किती माणसं घ्यायची तो हुकूम तुला ठाऊक होता?”

“नही.”

“जास्तीची माणसं तू स्वतः बोलावून घेतलीस?”

“हाव.”

“चढणाऱ्यांना तू नको म्हणालास?”

“नही.”

“म्हातारी पाण्यात पडली तेव्हा तू तिला सोडून काठावर गेलास?”

“हाव.”

“आणखी काही सांगायचं आहे?”

“नही.”

संपलं. वकिलाला स्वतःच्या नशिबावर विश्वास बसेना. इतका सरळ कबूल होणारा माणूस त्याला जन्मात भेटला नव्हता. मग राहिलं वाचून दाखवणं. हा आमच्या कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग: लिहिलेलं त्या माणसाला वाचून दाखवायचं, त्यानं बरोबर म्हटलं की अंगठा घ्यायचा. बापूराव ते एकेक ओळ वाचत. मी अख्खी जबानी एका दमात वाचली, जेवणाआधी श्लोक म्हणतात तशी. धुडकूची मान हलली. मी ‘वाचून दाखवली, बरोबर आहे म्हणतो’ असं लिहून त्याचा अंगठा शाईत दाबला. ती मान पहिल्या ओळीला हलली होती, हे मला आता कळतं.

साहेब म्हणाले, “सोमवारी हुकूम काढतो. छान, सफाईचं काम.” शाबासकी ती हीच.

तासाभरानं गुलाब पाण्याचा तांब्या घेऊन आला आणि हसत म्हणाला, “भाऊसाहेब, तो नाववाला येडाच शे. भाईर पायरीवर बठना आनि एकलाच ‘हाव’ बोलना. मी इचारं, काय हाव रे? तं काहीच बोले ना.”

मीही हसलो.

शुक्रवारी सकाळी कचेरीचं दार उघडायला मी आलो, तर धुडकू पायरीवर. चार कोस चालत आला होता.

“भाऊसाहेब, ते चुकेल शे.”

“काय चुकलंय?”

मी कुलूप काढलं, खुंटीला टोपी अडकवली, दौतीत पाणी घातलं. मग मागून आवाज आला.

“समदं.”

आणि त्यानं जबानी म्हणून दाखवली. सातही सवाल, वकिलाच्या शब्दांत, क्रमानं; आणि मी वाचून दाखवलेले जवाबही, जसेच्या तसे. एक अक्षर इकडेतिकडे नाही. इतकी वर्षं जबान्या लिहिल्या, मला स्वतःला कालची आठवत नसे. “दारूले मी हात लावत नही. तुम्ही ‘हाव’ लिखं. हुकूम मले म्हाईत शे. तुम्ही ‘नही’ लिखं. डोकरीले पानीमाईन मीच काढं.”

आता खरं तर तिथंच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माझ्या डोक्यात त्या वेळी शिरस्तेदाराची खुर्ची होती, तिनं बरीच जागा अडवली होती. मला वाटलं, कोणीतरी याला रात्रीत पढवलं. मी रुबाबात विचारलं, “मग काल का नाही बोललास? अंगठा का दिलास?” आणि लगेच, “घरी जा. सोमवारी हुकूम होईल.”

तो काही क्षण उभा राहिला. मग वळला. फाटकापर्यंत गेला आणि तिथून म्हणाला, “तुम्ही बोट धरं म्हनीसन.”

अंगठा का दिला, त्याचं उत्तर होतं ते. मी मात्र तोवर दुसरी फाईल उघडली होती. उघडी ठेवली, पण तिच्यातलं एक अक्षर दिसेना. गुलाबनं ऐकलेला तो पायरीवरचा ‘हाव’ सारखा आठवू लागला. “आणखी काही सांगायचं आहे?” असं विचारलं होतं शेवटी.

रविवारी मी देवदर्शनाचं निमित्त करून उतारावर गेलो. काठावर धुडकूची बायको भागाबाई जाळं सांधत बसली होती. ती नवऱ्याच्या अगदी उलट. आपलं बोलणं संपायच्या आत तिचं उत्तर हजर, आणि त्यात आपल्याला सोयीचं काही नसे. मला ओळखून म्हणाली, “या भाऊसाहेब. जबानी लिखी, आते काय नाव लिखाले उनात का?”

नावेत मी एकटाच. धुडकूनं माझ्या खांद्याला हात लावला, ‘एक’ म्हटलं, मग चढायची फळी आत ओढली. पुढच्या फेऱ्यांतही पाहिलं, प्रत्येक माणसाला हात लावून तो मोजे. नुसत्या नजरेवर त्याचा भरवसा नसे. नाव निघाली. मी विचारलं, “धुडकू, इथं खोल किती?”

तो वल्हवत राहिला. मी वल्ही मोजू लागलो. बाराव्या वल्ह्याला म्हणाला, “दोन पुरुस.”

मग मी मुद्दाम दोन सवाल एकापाठोपाठ टाकले. “तुला मुलं किती?” आणि लगेच, “आज वारं कुठलं?”

बारा वल्ही झाली. “दोन पोरी,” धुडकू म्हणाला. आणि मग माझ्याकडे असं पाहिलं, की दुसरा सवाल कुठंतरी पाण्यात पडला आहे हे मलाच दिसलं. वकील निदान माझा टाक उठेपर्यंत थांबे; मी तेवढाही थांबलो नव्हतो.

तीन फेऱ्या मी त्या नावेत मारल्या. एकदा गमतीचा किस्सा सांगितला. पल्याड पोचल्यावर एक म्हातारा आपली गाय मेल्याचं सांगत होता, नेमका तेव्हा धुडकू खदखदून हसला. म्हाताऱ्यानं त्याला शिव्या घातल्या, धुडकूनं ऐकून घेतल्या. सवयीचं असावं. मला मात्र हसू आलं नाही. वकिलाचे सात सवाल मनात लावले, प्रत्येक जवाब एक घर वर सरकवला, आणि गुलाबनं ऐकलेला ‘हाव’ सातव्याखाली नेमका बसला.

काठावर उतरून मी भागाबाईजवळ बसलो. म्हटलं, “हा लहानपणापासून असाच का?”

“असाच. लगीन व्हयनं तवय मले वाटे, माणूस मोठा घमेंडी शे, बोलत नही. मंग समजनं. मी सकायले इचारस, तं मन्हं भांडं घासाई जास तवय उत्तर येस. पन खोटं नही येत.” तिनं गाठ मारून दोरा दातानं तोडला. “एकसंगे दोन गोष्टी सांगू नका. एक सांगा, मंग वाट देखा. गर्दी व्हयनी का जास्ती येळ लागस. कोन्ही वरडना का मंग तं बंदच. बजारमा लोके त्यास्ना तोंडमाईन शबद काढी लेतस, आनि भलताच काढतस.”

“डोकं कमी आहे असं म्हणतात लोक.”

“डोकं कमी ऱ्हातं तं तुम्हना सात सवाल पाठ कसा ऱ्हातात?” ती म्हणाली. “पानी तेच शे भाऊसाहेब, घागरनं तोंड बारीक शे. तुम्ही उलटी कऱ्ही का लवकर निंघस का?”

पंचवीस वर्षं मी माणसांची उत्तरं लिहिली, पण एवढं नेमकं वर्णन कोणाच्या जबानीत सापडलं नाही. घाई केली की घागरीतून पाणी लवकर येत नाही, नुसतं गुडगुड करतं. आणि ती गुडगुड मी ‘घुटमळतो’ म्हणून लिहून ठेवली होती.

सोमवारी सकाळी साहेबांपुढे उभा राहिलो. हुकमाचा मसुदा मेजावर तयार. मी सगळं सांगितलं, वल्ह्यांचंही सांगितलं.

साहेबांनी मसुदा बाजूला सारला. मग म्हणाले, “म्हणजे तुम्ही घाईत होता.”

“साहेब, मी नेहमीच घाईत असतो.”

“ते मला माहीत आहे. तेच तर शिफारशीत लिहिलं होतं.” त्यांनी खणातून एक कागद काढला, दोनदा घडी घातली आणि मेजावरच्या दगडाखाली ठेवला. तो पुन्हा माझ्या दृष्टीस पडला नाही. “बोलवा नावाड्याला. पुन्हा घेऊ.”

त्या दिवशी मी बापूराव झालो. ज्यांची नक्कल करून हसवलं, त्यांची आता मन लावून नक्कल करू लागलो. टाक बुडवला, काठाला दोनदा निथळला, सवाल लिहिला, टीपकागद ठेवला, मूठ फिरवली, आणि चष्मा नसूनही चष्म्याच्या वरून धुडकूकडे पाहिलं. मनात वल्ही मोजत. टाक खालीच. वकिलाचा पुढचा सवाल ओठांवर येऊन अडके आणि तो माझ्याकडे असा बघे, जणू मी त्याच्या घोड्याचा लगाम धरला आहे. दहा, अकरा, बारा.

“हाव. नाव मीच चालाडी ऱ्हायंतू.”

त्या बापूरावी टाकानं माणसाला काय दिलं होतं ते मला तेव्हा कळलं. आम्ही त्याला आळस म्हणत होतो.

दारू नाही. हुकूम ठाऊक. बोलावलं कोणाला नाही. मग आला तो सवाल: चढणाऱ्यांना नको म्हणालास? वकील यावेळी जरा ओरडूनच बोलला आणि खुर्चीही करकरली. बारा झाली. पंधरा झाली. साहेबांनी माझ्याकडे पाहिलं. माझा हात टाकाकडे जाऊ लागला. तीन वर्षांची खोड. मी तो हात मांडीखाली दाबून बसलो. एकोणीस.

“हाव. सांगं मी नको म्हनीसन.”

वकील उसळला. “कधी सांगितलंस? एकानं तरी ऐकलं का?”

पुन्हा शांतता. बाहेर कोणीतरी बैलांना पाणी दाखवत होतं तेवढा आवाज.

“नाव मझार गयी तवय.”

अख्खी कचेरी हसली. मी हसलो नाही, हे सांगून मोठेपणा घेण्यात अर्थ नाही. मलाही आलं होतं. साहेब तेवढे हसले नाहीत. झालं होतं ते असं: धुडकू मोजत पाठमोरा असताना बाजूनं माणसांनी उड्या टाकल्या, दांडग्यांनी बांबू लावून नाव लोटली, आणि त्याचं ‘नको’ नदीच्या मध्यावर तोंडातून बाहेर पडलं. तिथून त्याचा उपयोग काय?

वकील हुशार होता. तोफखाना त्यानं लगेच दुसऱ्या बाजूला वळवला. “मग तर साहेब, परवाना काढलाच पाहिजे. माणूस प्रामाणिक आहे, कबूल. पण नदी बारा वल्ही थांबत नाही.”

हे खरं होतं. साहेब पेन्सिल फिरवत राहिले. मला वाटलं, चूक दुरुस्त करून मी या माणसाचा परवाना अधिक पक्केपणानं घालवला. आधी खोट्या कारणानं जात होता, आता खऱ्या कारणानं जाणार.

साहेबांनी विचारलं, “धुडकू, वकीलसाहेब म्हणतात ते ऐकलंस? यावर काय म्हणणं आहे?”

मी टाक दौतीत उभा करून ठेवला आणि हात काढून घेतला. किती वल्ही झाली ते मोजलं नाही.

“मले येळ लागस,” धुडकू म्हणाला, “म्हनीसन मी आगोदरच करी ठेवस.”

मी टाकाला हात लावला नाही. त्यालाही घाई नव्हती. मग एकेक आलं. भोवरा दिसायच्या आधीच तो नाव वळवतो. दोर रोज बांधतो, वारं असो नसो. काठ लांब असतानाच उथळाकडे घेतो. “नदी मले नवा सवाल करत नही, सायेब. तीस वरीसपासून तेच इचारस. यात्राना दिन लोके नवा व्हतात. तठे मी मागे पडनू.” थोडं थांबून म्हणाला, “पन कलंडनी तवय कंबरइतलंच पानी व्हतं. मी तिकडेच लयेल व्हती.”

म्हणूनच कोणी मेलं नव्हतं. उड्या टाकणाऱ्यांनी नाव भरली तेव्हापासून तो तिला उथळाकडे नेत होता. तोंडातून ‘नको’ निघायच्या आधी हातांनी ते म्हटलं होतं. हे जबानीत पहिल्यांदाच आलं. पहिल्या खेपेला “आणखी काही सांगायचं आहे?” या सवालाचं उत्तर हे होतं, आणि ते पायरीवर राहून गेलं होतं.

साहेबांनी मसुदा फाडला. नवा हुकूम मीच लिहिला, सावकाश. परवाना कायम. नावेची फळी धुडकूनं स्वतः खाली टाकेपर्यंत कोणी चढायचं नाही. फळीवाचून चढेल त्याची जोखीम त्याची. यात्रेच्या दिवशी फळीजवळ शिपाई उभा राहील. एवढंच. आता एवढीशी गोष्ट, एक लाकडाची फळी. पण तिनं त्या माणसाला त्याची बारा वल्ही मिळवून दिली. नंतर मी पाहिलं, माणसं काठावर फळीची वाट बघत उभी असत आणि कुरकुरत; आणि धुडकू खांद्यांना हात लावत एकेकाला आत घेई.

मी मात्र कायमचा बिघडलो. टाक खाली ठेवून थांबायची खोड लागली ती लागलीच. धुडकूसारख्यांसाठी थांबलो, तसा बाकीच्यांसाठीही. तोरणमाळकडची डोंगरातली माणसं येत. ती सवाल आपल्या बोलीत नेत, तिथं विचार करत, मग उत्तर परत आणत. एवढा प्रवास पूर्वी मी होऊच देत नसे. म्हसावदचा एक चांगला पोपटासारखा बोलणारा पाटील. त्याचं पहिलं उत्तर लिहून मी नुसता थांबलो, तर आठव्या वल्ह्याला त्यानं स्वतःच ते बदललं. खरं उत्तर पुष्कळदा दुसरं असतं. कचेरीत माझं ‘तारमास्तर’ हे नाव गेलं आणि ‘खटारा’ आलं. शिरस्तेदाराच्या खुर्चीत दुसराच बसला. मला तिचं फारसं वाईट वाटलं नाही. वाटलं ते बापूरावांचं. त्यांच्याकडे जाऊन सगळं सांगितलं तेव्हा ते नेहमीसारखे थांबले आणि म्हणाले, “नक्कल आता बरी जमते तुला.”

आणखी एक सल आहे, तो सांगून टाकतो. धुडकूच्या आधीची तीन वर्षं मी घोड्यावर बसून लिहिली. त्या जबान्या लाल फडक्यात बांधून दफ्तरात पडल्या आहेत, अक्षर मोत्यासारखं. त्यातल्या किती जणांचं ‘हाव’ पायरीवर राहिलं असेल? धुडकू चार कोस चालत परत आला. बाकीचे आले नाहीत. आले असतील, तर मी त्यांना फाटकाबाहेर घालवलं असेल.

पेन्शनीत निघालो तेव्हा गाव सोडायच्या आधी एकदा उतारावर गेलो. धुडकू म्हातारा झाला होता, हात तेवढेच लांब. माझ्या खांद्याला हात लावून त्यानं मोजलं, फळी ओढली. नावेत बाजाराला निघालेली आठदहा माणसं होती. मला जरा भरून आलं होतं. वाटलं, या माणसामुळे आपण सुधारलो, हे त्याच्या तोंडून एकदा ऐकावं. म्हटलं, “धुडकू, एवढी वर्षं लोकांच्या जबान्या लिहिल्या मी. कसं होतं रे माझं काम?”

बारा वल्ही झाली. वीस झाली. पल्याडचा काठ आला. मी हसून उतरलो. म्हटलं, म्हातारपणानं त्याची वल्ही वाढली असतील. काठावर माझ्यासाठी उभ्या बैलगाडीत बसलो, गाडी चढाला लागली, तेव्हा खालून नदीवरून त्याची हाक आली. सगळा बाजार ऐकेल अशी.

“भाऊसाहेब! तुम्हनं अक्षर कसं शे, ते मले म्हाईत नही. पन तुम्हना कान बेकार व्हतात!”